सरदारीणबाईंची सुई

भोपाळ,
१२ नोव्हेंबर १९५६

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे, तेव्हा निदान हे पत्र अर्ध्यावर बाजूला टाकू नकोस.

नवं राज्य झालं आणि आम्ही कारकून मंडळी इथं येऊन आदळलो. ग्वाल्हेरचे, इंदूरचे, नागपूरचे, रीव्याचे, सगळे एकाच बराकीत. माझं टेबल पोचलं, खुर्ची अजून वाटेत आहे, म्हणून खोक्यावर बसून काम करतो. राहायला मात्र दोन खोल्या मिळाल्या, वरच्या मजल्यावर. अनसूयेनं खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी ठरवूनही टाकली. तू तिथं एकटी आणि आम्ही इथं, हे मला बघवत नाही. या महिन्याअखेर ये. आता 'बघू' म्हणू नकोस.

सरदारीणबाईंनाही घेऊन ये. त्या मांजरीला सोडून तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण आमची शामू दोन वर्षांची, दिसेल त्याची शेपूट ओढते. म्हणून मांजरीला आधी पिसाळण्यावरची लस टोचून घे. नानांचं काय झालं ते तू माझ्याहून जवळून पाहिलंस. इंदरगंजच्या चौकात कुत्रं चावलं, ते कुत्रं पुन्हा दिसलं नाही, नानांनी पोटात चौदा सुया घेतल्या आणि त्या सुयांनीच त्यांचे पाय गेले. माझे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेले, आत्या. मांजरीला एक सुई टोचली की घरात कुणावर पोटात चौदा घ्यायची पाळी येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुझा,
भालचंद्र


कंपू, लष्कर, ग्वाल्हेर,
१८ नोव्हेंबर १९५६

चि. भालचंद्र,

आशीर्वाद. पत्र पुरतं वाचलं, आणि राग आला तोही पुरताच आला.

भोपाळला मी येणार नाही, हे तुला गाडी सुटताना सांगितलं होतं. इथं भाजीवालीसुद्धा मला मास्तरीणबाई म्हणते. तिची मुलगी माझ्या हाताखाली शिकली. तिथं मी कोण? 'भालचंद्र बाबू की बुआ.' वरच्या मजल्यावर खिडकीत बसून मी काय बघणार, तुमचं तळं?

सुईचं मात्र पटलं. नानाचं नाव काढलंस की माझं तोंड बंद होतं, हे तू लहानपणापासून हेरून ठेवलं आहेस, लबाडा. पण गुरांच्या दवाखान्यात, म्हशींच्या रांगेत, टोपली घेऊन मी उभी राहू? आपल्या घरातून चिठ्ठी गेली की वैद्य दारात यायचा. काका दरबारात होते तेव्हापासूनची ही रीत आहे. म्हणून महिपतराव डॉक्टरांना चिठ्ठी धाडली. ती तशीच परत आली. डॉक्टर बदलून भोपाळला गेले म्हणे. मेलं सगळं ग्वाल्हेरच तिकडं उचलून नेलंत की काय तुम्ही!

शेवटी शेजारचे मानसिंगराव धावून आले. 'बाईसाहेब, आप काहे को लाइन में लगेंगी? मी आहे ना.' घोडदळाच्या रिसाल्यातून सुटल्यावर ते दरबारच्या कुत्र्यांवर देखरेखीला होते, त्यामुळे सुई टोचायचा हात आहे. त्यांच्या ओळखीच्या एका साहेबांकडं कुत्र्यांसाठी लस आली आहे, त्यातली एक बाटली बर्फात घालून आणतो म्हणाले. मी विचारलं, मांजराला चालते का? तर म्हणाले, 'कुत्ता काय, बिल्ली काय, सुई एकच.' आता ज्यानं इतकी कुत्री सांभाळली त्याला मी काय शिकवणार?

अनसूयेला आणि शामूला आशीर्वाद.

तुझी आत्या


ग्वाल्हेर,
२२ नोव्हेंबर

चि. भालचंद्र,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. काल सुई झाली. मी पुढचे पाय धरले, मानसिंगरावांनी मागच्या मांडीत टोचली. मोठी सुई रे. सरदारीणबाई अशा ओरडल्या की पलीकडच्या लीलाताई पोळी तव्यावर टाकून धावत आल्या.

रात्रीपासून अंग तापलं आहे. दूध नको, मासळीचा वास नको. टोचलं तिथं लिंबाएवढी गाठ आली आहे, हात लावू देत नाही. नुसती झोपून असते. तिची झोप मला माहीत आहे, ही तसली नाही. दर घटकेला उठून बघते, श्वास चालू आहे ना. हे सगळं तुझ्या शेपूट ओढणाऱ्या पोरीपायी. चांगली हिंडतीफिरती मांजर होती माझी.

काय करू ते लिही. लवकर लिही.

आत्या


भोपाळ,
२६ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. गंमत ऐक. ज्या महिपतराव डॉक्टरांना तू चिठ्ठी पाठवलीस ते आमच्याच बराकीत, माझ्यापासून चार टेबलं सोडून बसतात! जनावरांचा डॉक्टर, पण इथं दिवसभर फायलींना नंबर घालतात. त्यांना तुझं दुसरं पत्र वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, 'आत्याबाईंना सांगा, सुईनंतर एक-दोन दिवस अंग तापतं, मांजर सुस्त पडतं, खाणं टाकतं, टोचल्या जागी गाठ येते. बहुतेकांना एवढंच होतं. गाठ दाबू नका, शेकू नका, पाणी समोर ठेवा. आपोआप उतरेल.' शेकडो मांजरांना टोचल्याचं सांगत होते. लस टोचलेली बरी, असंच त्यांचंही मत आहे.

तेव्हा हे पत्र पोचेपर्यंत सरदारीणबाई भिंतीवर चढलेल्या असतील. आणि आत्या, रागावू नकोस, पण मी तुला ओळखतो. दसऱ्याला तुझी दाढ दुखत होती, मग भांडेवाली सुटली, आता मांजर आजारी. यायचं नसेल तर नाही म्हण, पण त्या बिचारीला पुढं करू नकोस.

बाटली कुत्र्यांची होती हे मी डॉक्टरांना सांगायचं विसरलो. उद्या विचारतो.

भालचंद्र


ग्वाल्हेर,
२९ नोव्हेंबर

चि. भालचंद्र,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. पोस्टमन दिसला की दारात जाते, तो मान हलवतो.

ताप उतरला होता. दोन दिवस जरा खाल्लं. मग परवापासून तिचा मागचा पाय फरफटतो आहे. आधी एक, आता दुसराही लटपटतो. पलंगाखाली अंधारात जाऊन बसते. हाक मारली की माझ्याकडं बघते, पण ओळखीनं बघत नाही. पाणी पुढं केलं की तोंड फिरवते. मानसिंगराव बघून गेले. जाताना पागोटं काढून हातात घेतलं. मला तेच नको वाटलं.

मी अगदी ठीक आहे. लीलाताईंना आत येऊ देत नाही, मांजर उगाच बिचकते म्हणून. माझी काळजी करू नकोस, मी ठीक आहे. अक्षराकडं बघू नकोस, टाक खराब झाला आहे. नवा आणायला इंदरगंजला जायचं म्हणते, पण घर सोडवत नाही.

डॉक्टरांना विचार, पाय परत येतो का.

आत्या


भोपाळ,
२ डिसेंबर

आत्या,

हे पत्र टाकायच्या आधी तार करतो आहे, कारण पत्राला तीन-तीन दिवस लागतात आणि तेवढा वेळ आपल्याजवळ नाही.

तुला कुठं चावली?

टाक खराब नाही. टाक अंगठ्यानं कसा दाबायचा ते तूच माझा कान धरून शिकवलंस. या पत्रात एकाही अक्षरावर दाब नाही. तू अंगठा वर धरून लिहिलं आहेस. मागच्या पत्रात मी तुला बहाणेखोर म्हणालो. मला त्याची शरम वाटते, पण ते नंतर.

महिपतरावांना सगळं सांगितलं. कुत्र्यांची बाटली म्हटल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, मांजराची लस वेगळी, मात्रा वेगळी, आणि कुत्र्यांची काही लस मांजराला बाधते. कधी नुसता पाय धरतो, कारण सुई मांडीत शिरेवर बसते, आणि तो काही दिवसांत सुटतो. कधी कमरेखालचं अंग जातं. आणि क्वचित, फारच क्वचित, त्या लसीतूनच मांजर पिसाळतं. यातलं कुठलं, ते इथं बसून सांगता येत नाही. मांजर कोंडून दहा दिवस नजरेखाली ठेवायचं. दहा दिवसांनी जिवंत आणि धड असेल तर भ्यायचं कारण नाही. पण चावली असेल तर माणसानं तोवर वाट बघायची नाही. जखम साबणानं खूप वेळ धुवायची आणि सुया सुरू करायच्या. मांजर धड निघालं तर मध्येच थांबवता येतात.

कोठीच्या खोलीत कोंड. हातात जाड कापड गुंडाळून कोंड. आणि आजच्या आज दवाखान्यात जा. तार मिळताच 'होय' म्हणून उलट तार कर.

भालचंद्र


ग्वाल्हेर,
५ डिसेंबर

चि. भालचंद्र,

उलट तार केली नाही, कारण 'होय' असं लिहिता येईना.

चावली. सत्तावीस तारखेला. चमच्यानं तोंडात पाणी घालत होते, तिला गिळता येत नव्हतं, मी जबरदस्ती केली. अंगठ्यात दोन दात. जखम भरत आली आहे. दिसायला काहीच नाही.

तार आली तेव्हा ती पलंगाखालीच होती. तुझ्या सांगण्याप्रमाणं कोठीत घातली, कडी लावली. बाहेर पाट टाकून बसले. आतून आधी नुसती नखं वाजत होती. मग ती ओरडायला लागली. मला वाटलं पाय कशात अडकला. वाटलं नव्हे, मला ते ऐकवेना. मी दार उघडलं, हात जाईल एवढंच. फरफटत का होईना, माझ्या पायांवरून ती गेली. मागच्या बोळात पाहिलं, पलीकडच्या बंगल्याच्या आवारात पाहिलं, मानसिंगराव रात्रभर कंदील घेऊन हिंडले. नाही सापडली.

म्हणजे आता दहा दिवस कुणावर नजर ठेवायची? नानाच्या वेळी ते कुत्रं असंच गेलं होतं.

तू चिडशील, चिड. पण मी सुया घेणार नाही. मला पिसाळून मरायची भीती नाही असं समजू नकोस. पाण्याचा पेला उचलताना दरवेळी घशाकडं लक्ष जातं, घोट उतरला की सुटल्यासारखं वाटतं. पण नानाला मी दोन वर्षं पाहिलं. कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. तो रात्री माझा हात धरून म्हणायचा, शांते, मला तुझी लाज वाटते. त्याला मी होते. माझे पाय गेले तर मला कोण आहे? माझं अंथरूण कोण आवरणार? अनसूयेनं आवरायचं? परक्याच्या पोरीनं? मी त्यापेक्षा पिसाळून चार दिवसांत मरेन.

हे लिहायचं नव्हतं. लिहून गेलं. आता खोडत नाही.

मानसिंगराव रोज सकाळी येतात आणि दारासमोर उभे राहतात. आत बोलावलं तरी येत नाहीत. काल म्हणाले, 'बाईसाहेब, गोली मार दो मुझे.' मी म्हटलं, गोळी तुमच्याकडं आहे, माझ्याकडं खडू होता, तोही शाळेत राहिला. तरी हसले नाहीत.

आत्या


भोपाळ,
८ डिसेंबर

आत्या,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी तुझ्या ओट्यावर बसलेला असेन. संध्याकाळच्या गाडीनं निघतो. तरी लिहितो, कारण समोर आलो की तू मला जेवायला बसवशील आणि माझ्या तोंडून काही निघणार नाही.

इथल्या माणसांच्या डॉक्टरांना भेटलो. नानांचंही सांगितलं. ते म्हणाले, तसं होतं, नाकारत नाही. पण हजारो माणसं या सुया घेतात, बहुतेकांचं पोट दुखतं, सुजतं, ताप येतो, एवढ्यावर सुटतात. पाय जाणारा क्वचित एखादा, आणि त्यातलेही काही पुन्हा चालतात. पिसाळलेलं माणूस मात्र परत आल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही.

तुझे पाय जाणार नाहीत असं मी सांगू शकत नाही. सांगितलं तर ते खोटं होईल आणि तुला ते अक्षरावरून कळेल. पण गेले तर तुझं अंथरूण मी आवरीन. अनसूया नाही, मी. आई गेली तेव्हा मी आठ महिन्यांचा होतो. तेव्हा माझं कुणी आवरलं, ते मी विचारून घेतलं आहे. तुला लाज वाटायची असेल तर वाटू दे, मला वाटणार नाही.

रजा मागितली नाही. खोक्यावर बसणारा एक माणूस कमी झाला हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत परत येईन. परवा सकाळी आपण दवाखान्यात जायचं आहे. तू चालत ये, नाहीतर मी उचलून नेईन आणि सगळं कंपू बघेल.

भालचंद्र


भोपाळ,
२८ डिसेंबर

ती. आत्या,

सुखरूप पोचलो. तू दिलेले लाडू शामूनं पाहिले आणि माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ऑफिसात माझी खुर्ची आली आहे, पण त्यावर दुसराच कुणी बसतो.

शेवटची सुई झाली तरी डॉक्टरांनी पंधरा-वीस दिवस सांभाळायला सांगितलं आहे, विसरू नकोस. सकाळी उठल्यावर दोन्ही टाचांवर उभी राहतेस ना? पायांना मुंग्या येतात का? कंबर जड वाटते का? पोटावरची सूज उतरली का? काही असलं तर लपवू नकोस. माझी झोप उडाली आहे. रात्री उठून स्वतःचेच पाय चाचपतो, अनसूया हसते आणि मग रडते.

मानसिंगरावांना आत घे. थंडीत बाहेर उभे राहून तेच आजारी पडतील. त्यांनी चांगल्या मनानं केलं.

सरदारीण दिसली का?

बाकी मी तुला आता काही सांगणार नाही. मी सांगितलं म्हणून तू मांजरीला सुई टोचलीस. लस चुकीची नव्हती, बाटली चुकीची होती, हे महिपतराव रोज मला समजावतात. मला समजतं. तरी सांगायला सुरुवात मी केली, ते डोक्यातून जात नाही. तुला जिथं बरं वाटेल तिथं तू राहा.

रोज एक कार्ड टाक. नुसती सही केलीस तरी चालेल.

भालचंद्र


पडाव, ग्वाल्हेर,
१२ जानेवारी १९५७

चि. भालचंद्र,

रोज कार्ड टाकलं नाही, कारण रोज लिहायला काही नव्हतं आणि नुसती सही करणं मला जमत नाही. आज आहे.

हे पत्र स्टेशनच्या बाकावर बसून लिहिते आहे. कंपूपासून इथपर्यंत चालत आले. टांगा केला नाही. टांगा होता, पण तो मानसिंगरावांनी केला होता. मी पुढं आणि माझ्यामागं रिकामा टांगा घेऊन ते, मी पडले तर उचलायला. सगळा रस्ता लोक बघत होते. इंदरगंजला मुंग्या आल्या. उभी राहिले. पाय आपटले. मुंग्या गेल्या, तेव्हा कळलं की त्या चपलेच्या अंगठ्यानं आल्या होत्या, दुसऱ्या कशानं नाही. तिथंच रडू आलं. मानसिंगरावांनी घाबरून टांगा पुढं घातला. मी म्हटलं, मागं घ्या, मी चालते आहे.

अंगठा बरा आहे. पोटावरची सूज उतरली, गाठी अजून लागतात. पाणी पिते आणि घशाचा विचार करत नाही. म्हणजे कधीकधी करते.

सरदारीण सापडली नाही. कुणी म्हणतं बंगल्यामागं दिसली, कुणी म्हणतं ती नव्हे, दुसरी. ती पिसाळली होती की त्या सुईनं नुसतीच बेजार झाली होती, ते मला आता कधीच कळणार नाही. मी सुया उगाच घेतल्या की वाचले, तेही नाही. याचा मला त्रास होतो, रोज होतो. पण एक कळलं आहे. महिपतरावांना सांग, मी पुन्हा मांजर पाळलं तर त्याची सुई घेणार, मांजराचीच, आणि म्हशींच्या मागं रांगेत उभी राहून घेणार. कुणाला चिठ्ठी धाडणार नाही.

आता तुझ्या पत्राचं. तुझी सगळी पत्रं काढून वाचली. आधीच्यांत 'ये' आहे. आज्ञा केल्यासारखं, रागावून, कान पिरगाळून, पण आहे. शेवटच्यात नाही. तू त्या जागी 'जिथं बरं वाटेल तिथं राहा' असं लिहिलंस. ते वाचून मी दोन दिवस स्वयंपाक केला नाही. मी भोपाळला येणार नाही म्हणत होते तेव्हा मला पक्कं ठाऊक असायचं की तू पुन्हा बोलावणार. त्या जोरावर मी नाही म्हणत होते रे. तू दवाखान्यात माझ्या शेजारी रोज बाकावर बसलास, सुई पोटात जाताना माझ्याऐवजी तू डोळे मिटलेस, आणि घरी जाऊन मला मोकळं सोडलंस. मला असं मोकळं नको आहे.

समोर भोपाळची गाडी उभी आहे. आज मी तीत बसणार नाही. घराला कुलूप नाही, अंगावर नुसती शाल आहे, आणि मानसिंगराव बाहेर टांग्यात थंडीनं कुडकुडताहेत. पत्र टाकून परत चालत जाईन.

तू फक्त ते एकदा लिही. कारणं नकोत, डॉक्टरांचं मत नको. 'आत्या, ये' एवढंच लिही.

तुझी,
आत्या